वाचकसंपर्काचा एक अभ्यास

१ जानेवारी २०२५, सकाळी ५.४०
पाचला उठायचं ठरलं होतं. पाच चाळीसला उठलो. नवीन वर्ष म्हणून आजच्यापुरती सूट.
देवापुढे दिवा लावला आणि संकल्प केला. रोज एक युनिट वाचायचं. नऊपर्यंत मोबाइल हातात घ्यायचा नाही. मेमध्ये ग्रंथपालाची पदवी, बी.लिब., पहिल्या वर्गात पास व्हायचं. वय एकोणपन्नास. अभ्यासकेंद्रात माझ्यापेक्षा मोठा कोणी नाही, रत्नदीप सरसुद्धा नाहीत. ते बत्तीसचे आहेत.
छाया पुण्याला लेकीकडे, आकांक्षाकडे, गेली त्याला चौदा महिने झाले. नातवाला दात येईपर्यंत म्हणून गेली होती. आता तो चालतो. मला काही एकटं वाटत नाही. अभ्यासाला शांतता लागते आणि ती घरात भरपूर आहे.

१ जानेवारी, ६.१५
मोबाइल पाहिला. फक्त छायाचा मेसेज आला का ते पाहायला. यायचा आहे.

३ जानेवारी
प्रकल्पाचा विषय मंजूर झाला: ‘सार्वजनिक वाचनालय आणि समाजमाध्यमे: वाचकसंपर्काचा एक अभ्यास.’ शंभर मार्कांचा आहे.
लगेच कामाला लागलो. आमच्या वाचनालयाच्या सभासदांच्या अर्जांवरून सगळे नंबर काढले आणि व्हॉट्सॲप ग्रुप केला. नाव ‘ग्रंथमित्र परिवार, सिंदी मेघे’. एकशे चाळीस जण. विचारत बसलो नाही, परिवारात कोणी विचारतं का?
संध्याकाळपर्यंत नऊ जण बाहेर पडले. बरंच झालं. आता गंभीर वाचक उरले.

९ जानेवारी
रोज सकाळी सातला ‘आजचे पुस्तक’ टाकतो. मुखपृष्ठाचा फोटो, चार ओळी, शेवटी नमस्कार म्हणून ‘जय गुरू’. आज बोरगाव मेघेच्या लेआउटमधल्या प्लॉटची जाहिरात आली, गुलाबाची सहा फुलं आली, आणि कोणाची तरी काळी शेळी हरवल्याचं कळलं. पुस्तकाबद्दल कोणी काही म्हणालं नाही. याला पॅसिव्ह वाचक म्हणतात. युनिट तीनमध्ये आहे. (मी युनिट एकवर आहे, पण चाळून ठेवलंय.)
प्रत्यक्ष वाचनालयात म्हणाल तर सदाशिवराव आले. ते रोज येतात. कापडाचं दुकान मुलाच्या, प्रफुलच्या, हाती दिल्यापासून बरोबर चारला येतात, उन्हाच्या खिडकीजवळ बसतात, पेपर उघडतात आणि पेपरवरून माझ्याकडे बघत बोलतात. आज विचारलं, “विद्यार्थी, होमवर्क झाला काय? का उभं करू बाकावर?” मी हसलो नाही. ग्रंथपालाने वाचनकक्षात शिस्त पाळावी.
थर्मासमधला चहा दोघांनी घेतला. बोलण्यात तास गेला, युनिट राहिलं. सदाशिवरावांमुळे अभ्यासाचं नुकसान होतं, हे एकदा त्यांना सांगायला हवं.

१४ जानेवारी
संक्रांत. एकशे एकतीस लोकांना तिळगुळाचं चित्र पाठवलं. खरा तिळगूळ सदाशिवरावांना दिला. “गोड बोलाचं कंत्राट माह्याकडे देऊ नका, मी दुकानदार हाओ,” म्हणाले, आणि अजून दोन मागितले.
छायाला व्हिडिओ कॉल केला. ती स्वयंपाकघरात होती. फोन भिंतीला टेकवून ठेवला होता, मला बराच वेळ छताचा पंखा दिसला. छान पंखा आहे.

२५ जानेवारी
अभ्यासकेंद्रावर गेलो. रत्नदीप सरांनी ग्रुप पाहिला. म्हणाले, एंगेजमेंट शून्य आहे, आलेख कशाचा काढणार? मी म्हटलं, लोक मनातून वाचतात. ते म्हणाले, मनाचा स्क्रीनशॉट येत नाही. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली: माणूस पुस्तकाचं नाव वाचत नाही, स्वतःचं नाव वाचतो.
परतीच्या ऑटोत याच वाक्यावर विचार केला. प्रार्थनेला बसलो तेव्हाही तेच डोक्यात होतं. प्रार्थना संपता संपता मार्ग सुचला. अशा वेळी सुचलेलं चुकीचं नसतं.

३१ जानेवारी, सायं. ७.००
देवघेव रजिस्टर काढून दिवसभर बसलो. आज टाकलं: ‘आमचे मानाचे वाचक २०२४’. झेंडूच्या तोरणाचं चित्र, वर नावं. नमुन्यादाखल इथे उतरवून ठेवतो.
‘सौ. सुलोचनाबाई, योगवर्ग संचालिका. पुस्तक: कंबरदुखी, आता तरी उठा. तीन वेळा नेले. अभिनंदन!’
‘श्री. सचिन, दारूबंदी समिती. पुस्तक: सुटता सुटेना, व्यसनी माणसाचे मन. मुदतीपेक्षा दोन महिने जास्त ठेवले, एवढे आवडले!’
‘श्री. सदाशिवराव, ज्येष्ठ व्यापारी. पुस्तक: मृत्युपत्र स्वतः कसे करावे. सलग चार वेळा नूतनीकरण! या जिद्दीला सलाम!’
एकूण बावीस नावं. सदाशिवरावांचा मोबाइल बटनांचा आहे, त्यांना दिसणार नाही. पण अर्जावर प्रफुलचा नंबर आहे, तो घरी दाखवेल. म्हाताऱ्याला केवढा आनंद होईल.

१ फेब्रुवारी, सकाळी ६.००
चौऱ्याण्णव मेसेज!
सुलोचनाबाईंच्या योगवर्गातल्या बायकांनीच सतरा टाकले. एकीने लिहिलं, ‘मॅडम, आमाले वाकवता आणि सोता पुस्तक वाचता काय?’ सचिनबद्दल तर हसऱ्या तोंडांची रांग लागली आहे. लोक वाचनावर बोलू लागले. आलेख आता सहज निघेल.
प्रफुलने रात्रीच विचारलं होतं: ‘काका, हे कोणतं पुस्तक हाये? बाबानं काऊन नेलं?’ वाचकाच्या प्रश्नाला तत्पर उत्तर देणं हा संदर्भसेवेचा प्राण आहे. आपल्याकडे त्या पुस्तकाची दुसरी प्रत आहे. तिची अनुक्रमणिका फोटो काढून ग्रुपवर टाकली. ‘प्रकरण सहा: एखाद्या मुलाला वगळायचे असल्यास’ हे जरा पुसट आलं होतं, म्हणून त्या पानाचा वेगळा फोटो काढला.
प्रफुलचं उत्तर आलं नाही. वाचत असेल.

४ फेब्रुवारी
सदाशिवराव आले नाहीत. परवाही नव्हते आले. काल सोमवारची सुट्टी होती, म्हणजे तो दिवस धरायचा नाही. थंडी आहे.
चहा दोघांचा केला होता. उरलेला मीच प्यालो. अभ्यासाला तरतरी आली. दोन पानं झाली.

८ फेब्रुवारी
लग्नाच्या तारखा दाट आहेत. कुठे तरी गेले असतील. त्यांच्या फोनवर रिंग गेली, उचलला नाही. लग्नात बँडमुळे ऐकू येत नाही.
एक जमेची बाजू: चार ते पाच हा तास आता पूर्ण अभ्यासाचा. आज त्या तासात खिडकीजवळची खुर्ची दोनदा पुसली.

१२ फेब्रुवारी
सुलोचनाबाई वाचनालयात आल्या. कंबरदुखीचं पुस्तक टेबलावर ठेवलं, ठेवलं म्हणजे जरा जोरात. म्हणाल्या, “रूपराव भाऊ, आता तुमच्याइथून म्या झाडू बी नेणार नाई. त्याचीही यादी लावसान तुम्ही, कोणाच्या घरात किती कचरा हाये ते.”
मी समजावलं की हा सन्मान होता. त्या म्हणाल्या, “असा सन्मान तुमच्या बायकोचा करा ना एकदा, म्हणून तर ते पुण्याले जाऊन बसली.”
सरळ चालत गेल्या, कंबर ठीक दिसते. पुस्तक उपयोगी पडलं.
ग्रुपमध्ये आता अठ्ठ्याऐंशी जण. उच्चांकानंतर संख्या थोडी स्थिरावते.

२० फेब्रुवारी
युनिट सात. ‘वाचकाची गोपनीयता.’ अडीच पानं आहेत. कोणी कोणतं पुस्तक नेलं हे ग्रंथपालाने कोणालाही सांगू नये, घरच्यांनाही नाही.
तीन वेळा वाचलं. मोठ्या शहरांतल्या ग्रंथालयांबद्दल असावं. इथे सगळेच सगळ्यांना ओळखतात, गोपनीय काय राहणार?
चौथ्यांदा वाचलं. मग ‘मानाचे वाचक’ पुसायला गेलो. मुदत संपल्यामुळे सगळ्यांच्या मोबाइलमधून जात नाही, फक्त माझ्या मोबाइलमधून जातं. माझ्यातून पुसलं. माझ्यापुरतं तरी काम झालं.

२६ फेब्रुवारी
महाशिवरात्र. उपवास. महादेवाकडे वाचकवाढीसाठी मागणं मागितलं. किती वाचक हवे ते सांगताना तोंडात ‘एक’ हाच आकडा आला. मोठं मागायला हवं होतं.

३ मार्च, दुपारी
सुट्टी होती, तर सहज सदाशिवरावांच्या दुकानाकडून गेलो. सहज म्हणजे, रस्ता तोच पडतो, जरा वळसा घालून.
प्रफुल कापडाचं थान मोजत होता. मोजणं थांबवलं नाही. मी विचारलं, बाबा कसे आहेत. म्हणाला, बरे आहेत. मी म्हटलं, वाचनालयात दिसले नाहीत. मग थान ठेवलं त्याने. म्हणाला, “काका, मी त्याईचा एकुलता एक पोरगा. बाबानं मनातलं मले नाई सांगितलं, तुमच्या रजिस्टरले सांगितलं. आन तुम्ही साऱ्या सिंदी मेघेले.” बाजारात लोक तोंडावर विचारतात म्हणे, बापानं तुला वगळलं का रे? मयुरी, म्हणजे त्याची बायको, सासऱ्यांसमोर चहा ठेवते आणि न बोलता निघून जाते. घरात महिनाभर कोणी एका वेळी जेवायला बसत नाही.
दुकानाच्या मागेच घर आहे. आतून खोकला ऐकू आला. तो खोकला मी ओळखतो, पेपरचं पान उलटायच्या आधीचा. मी मोठ्याने म्हटलं, “बरं आहे, येतो मग.” खोकला थांबला. बाहेर कोणी आलं नाही.
बहुतेक झोपले असतील.

३० मार्च
पाडवा. छायाचा मेसेज आला: ‘गुढी उभारली का?’ उभारली होती. फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला. ‘एंगेजमेंट’च्या व्याख्येत अंगठा बसतो.
प्रकल्प बाइंडिंगला दिला. आलेख फार सुंदर आला आहे. जानेवारीभर जमिनीला टेकलेली रेघ, एक फेब्रुवारीला एकदम आभाळात. त्यानंतरचा भाग जागेअभावी घेतला नाही.

२० मे, दुपारी २.३०
पेपर झाला. बाहेर आग, आत पंखा बंद. प्रश्न चार, दहा मार्क: ‘वाचकाची गोपनीयता सोदाहरण स्पष्ट करा.’
पुरवणी घेतली. सगळ्यांत चांगलं उत्तर तेच लिहिलं. उदाहरण म्हणून एक काल्पनिक ग्रंथपाल घेतला. तो मूर्ख होता असं लिहून खोडलं, ‘अनभिज्ञ’ लिहिलं. एक काल्पनिक म्हातारा वाचक घेतला. त्याच्याबद्दल लिहिताना पान कधी भरलं कळलं नाही. चार वाजता यायचा वगैरे. त्याला मार्क नसतात. घंटा झाली तेव्हा प्रश्न पाच राहिला होता.

१८ जुलै
पास. एकसष्ट टक्के. प्रकल्पात अठ्ठ्याहत्तर, केंद्रात सगळ्यांत जास्त. रत्नदीप सरांचा फोन आला, म्हणाले, इतर वाचनालयांना दाखवण्यासारखं काम आहे.
छायाला फोन केला. उचलला आकांक्षाने. “बाबा, भारी! आई मुलाला फिरवून राहिली, सांगते तिला.” सांगितलं असेल.
ग्रुपवर निकाल टाकला. आता एकेचाळीस जण आहेत. प्लॉटवाल्याने हात जोडले आणि खाली नवीन लेआउटची जाहिरात टाकली.
ही बातमी सांगायला आणखी कोण आहे याचा विचार केला. मग दिवा लावला.

२२ जुलै, सायं. ६.००
सदाशिवराव आले.
चारला. वाळले आहेत. माझ्याकडे न बघता खिडकीजवळ जाऊन बसले, पेपर उघडला. मी रजिस्टरमध्ये डोकं घालून बसलो. बोलायची वाक्यं सहा महिन्यांपासून तयार होती, त्यातलं एक सापडेना. शेवटी म्हटलं, मी पास झालो. ते म्हणाले, “मंग पेढे कुठं हायेत? का त्याचाबी फोटोच पाठवता?”
चहा दिला. हात जोडून माफी मागितली. युनिट सातही सांगायला लागलो. त्यांनी हाताने थांबवलं. पिशवीतून ते मृत्युपत्राचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. म्हणाले, “रूपराव, म्या याचं एक पानबी वाचलं नाई. चष्म्याचा नंबर कवाचा गेला, मले पेपरातले मोठे अक्षरंच दिसते. कपाटातलं सगळ्यात पातळ पुस्तक होतं, वजन नाई, म्हणून उचललं. हाती पुस्तक असलं ना, का घरून कोणी इचारत नाई, कुठं चाल्ले, काऊन चाल्ले.”
मग कशासाठी येत होते, असं मी विचारलं. विचारायला नको होतं. त्यांनी थर्मासकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, “विद्यार्थी पास कसा झाला, काई समजत नाई.”
प्रफुलला हेच त्यांनी सांगितलं, पण तो मानत नाही. पातळ होतं म्हणून कोणी मृत्युपत्र नेतं का, म्हणतो. उद्या सकाळी हिंगणघाटला चालले, पुतणी माधवीकडे. परत यायचं काही बोलले नाहीत. तिथे जवळ वाचनालय असेल, असं मी म्हटलं. ते म्हणाले, असेल ना, पण तिथलं कोण आपल्या ओळखीचं?
साडेपाचला उठले. दारात वळून म्हणाले, “आन एक करा. मी आलो होतो हे लिहू नका.”
लिहिलं नाही. पुस्तक कपाटात ठेवलं. वाचकसंख्येच्या रजिस्टरमध्ये आजच्या रकान्यात शून्य भरलं. उद्याचंही आत्ताच भरून टाकलं असतं, पण ते नियमात बसत नाही.