बाळंतपणाला इकडे येऊ नकोस

प्रिय अवुओर,

फोनवर तू नुसतं ‘हो आई, हो आई’ करतेस, म्हणून लिहून कळवते. बसचं तिकीट परत कर. बाळंतपणाला गावी यायचं नाही. लगेच डोळ्यांत पाणी आणू नकोस, पुढे वाच.

पहिलं मूल नवऱ्याच्या गावच्या घरी व्हावं, बाळाची वार आपल्या अंगणात पुरावी, हे लग्नापासून मीच तुझ्या कानीकपाळी ओरडतेय. खोलीसुद्धा सारवली. तुझ्यासाठी जपलेली मच्छरदाणी काढायला गेले, तर थोरल्या भाऊजींनी ती तळ्याकाठी पसरून तिच्यावर ओमेना वाळत घातलेली! त्या बारीक मासळीचा वास जातोय होय? तणतणत दवाखान्यात दुसरी मागायला गेले. नर्सबाईने विचारलं, सून कुठली? म्हटलं, माझ्या ओकेचची बायको, जन्मापासून नैरोबीत. ती म्हणाली, मग बोलावूच नका. तिकडे हिवताप नाही, तिच्या रक्ताला त्याची ओळख नाही. गरोदरपणी इथला डास चावला तर हिवतापाचे जंतू वारेत ठाण मांडतात नि बाळाच्या वाटचं खातात. कधीकधी आईला ताप चढतही नाही. इथल्या पोटुश्यांना म्हणून तर ती समोर उभी राहून गोळ्या गिळायला लावते.

मला आपली शेजारीण अकेयो आठवली. तीही नैरोबीहून बाळंतपणाला आलेली. ताप नाही, पण रक्त आटून जीभ पांढरी, दिवसभर लोळायची. आम्ही म्हणायचो, शहराची लाडूबाई! पोर वेळेआधी झालं, मुठीएवढं. आता माझ्या टोपल्या पालथ्या घालतंय मेलं, पण तेव्हा आमचा जीव टांगणीला होता.

घरी येऊन हे सांगितलं, तर थोरले भाऊजी माझ्या माहेरगावाचं नाव घेऊन कडाडले, “अगं अलेगोच्या लेकी, तुझ्या सासूला नऊ झाली याच घरात!” मी म्हटलं, “जगली किती, तेही सांगा की.” तसे पुटपुटले, “पण वार परक्या मातीत?” म्हटलं, “आधी ती धड राहू दे, पुरायचं मग बघू.”

आता खरं सांगते. अंगण, रीत, सगळं खरं असलं तरी मला हवं होतं एकच. नातवंडाचं पहिलं रडू ऐकायला दाराशी मी हवी. ते दार तिकडे असेल तर तिकडे. रविवारच्या बसने निघतेय. ओकेचला म्हणावं, पलंग सोड, तू जमिनीवर झोप. आणि मी पोचेपर्यंत कळा येऊ द्यायच्या नाहीत, सांगून ठेवते.

तुझीच, आणि येणाऱ्याचीही,
ओकेचची आई