पाण्यातल्या पेशी

माय, साकोलीच्या दुकानात मी दिवसभर लोकांचे अर्ज टाइप करतो. शाळा नववीतच सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ सहसा चुकत नाही. 'पेशी' हा शब्द आला की मात्र बोटं थांबतात. कोर्टाची तारीखही पेशी आणि शरीरातला बारीक कणही पेशीच. लिहायचं दोन्हीकडे सारखंच.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात तुझं पोट टम्म फुगलेलं. डॉक्टरांनी सुईनं पाणी काढलं, बाटली उजेडात धरली. "अंडाशयात गाठ वाटते. पाण्यातल्या पेशी तपासायला नागपूरला पाठवतो. रिपोर्ट येईपर्यंत थांबा." शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणापायी तू बाबांसोबत वर्षानुवर्षं कोर्टाच्या पेशीला गेलेली. तू उठूनच बसलीस. "आता अजून कायची पेशी जी? मी नाही थांबत!" नर्स हसली. "हो मावशी, तिथं जज बसला आहे. तुमच्या पोटाचा निकाल देतो." सगळा वॉर्ड हसला, डॉक्टरही हसले आणि पुढच्या खाटेकडे गेले. मी म्हटलं, "माय, हे ते पेशी नोहे." तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "तुले काय समजते, नववी नापास!" अजून दिसतं, दुपारच्या बसमध्ये तू खिडकीशी बसून शेंगा खाते आहेस, सुटल्यासारखी. पेशंटच निघून गेला म्हणून बाटलीही नागपूरला गेली नाही.

दोनेक वर्षांनी पोट पुन्हा पाण्यानं भरल्यावर नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाण्यातल्या पेशी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवल्या. बऱ्याच पेशींच्या गाभ्याला मधोमध चीर होती, गव्हाच्या दाण्याला असते तशी. "त्या चिरेवरून ओळखू येते. अशी गाठ क्वचितच सापडते, वाढतेही हळू. पाणी तेव्हाच तपासलं असतं, तर ऑपरेशन करता आलं असतं." तोवर गाठ सगळ्या पोटात पसरली होती.

परवा जेवताना बाबांनी विचारलं, "तवाच पानी धाडलं असतं तं वाचली असती का रे ते?"

"नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि भात कालवला. तुला टाइप केलेला हा कागद मी छापणार नाही, बाबा दुकानात येऊन बसतात, त्यांच्या हाती लागेल. त्यांना त्रास नको म्हणून खोटं बोललो, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही. 'हो' म्हटलं असतं तर ते रडले असते, आणि त्यांची समजूत घालताना मला म्हणावं लागलं असतं की तुझी काही चूक नव्हती, माय. ते मला अजून म्हणवत नाही.