यादीत एक्केचाळिसावी

४ नोव्हें., मंगळवार

दिवाळीनंतरची पहिली प्रॅक्टिस. सगळ्या गोलमटोल होऊन आल्यात, मी सोडून. आमच्याकडे फराळ करणार कोण? आई सुट्टीला आली, चार दिवस झोपली आणि भोरच्या पलीकडे तिच्या शाळेवर परत गेली. क्वार्टरमध्ये मी आणि बाबा. म्हणजे मीच.

प्रॅ. संपल्यावर आमच्या कोचनी, कानडे सरांनी, थांबवून घेतलं. मुलींची नवी बास्केटबॉल लीग येतेय, सहा टीम. यादीत नाव द्यायचं, मग टीमवाले आपापल्या पाळीनं एकेक मुलगी उचलणार. कॉलेजच्या मुलीही चालतील. उचललं तर जानेवारीपासून आठ महिने बेंगळुरू. मी म्हटलं, सर, मी एस.वाय.ला आहे. "माहितीये. तुझ्या अटेंडन्ससाठी ऑफिसात मीच हात जोडतो."

मेख पुढे आहे. यादी एकदा पक्की झाली की विद्यापीठाकडून खेळणं बंद. कुणी उचललं नाही तरी बंद. ना इकडची ना तिकडची. फॉर्मची शेवटची तारीख सोमवार.

केतकीला सांगितलं नाही. अकरावीपासून पहिल्यांदा काहीतरी तिला सांगितलं नाही. ती टी.वाय.ला, कॅप्टन. डिसेंबरची इंटर-युनिव्हर्सिटी तिची शेवटची. मी बॉल वर आणते, ती बास्केट करते, तीन वर्षं हेच चाललंय. मी गेले तर बॉल आणणार कोण? रुचा? रुचाला डावा हात आहे हेच तिला माहीत नाही.

६ नोव्हें., गुरुवार

बाबांची फॅक्टरीत सेकंड शिफ्ट. मी घरी येते तेव्हा ते गेलेले, ते येतात तेव्हा मी झोपलेली. बोलणं ओट्यावरच्या चिठ्ठीवर. त्यांची: "भाजी फ्रिजमध्ये. गॅस नीट बंद कर." खाली मी लिहिलं, "लीगमध्ये नाव देऊ का? बेंगळुरू, आठ महिने." सकाळी त्याखाली: "तुझं तू बघ. दूध तापवलंय."

तुझं तू बघ म्हणजे काय? हो? नाही? मी आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न विचारला आणि मला दूध मिळालं. प्यायले.

८ नोव्हें., शनिवार

आई आली. तिला सगळं सांगितलं, नियमासकट. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं आता डिग्रीवर प्रवचन. तर म्हणाली, "मी त्या शाळेवर एका वर्षासाठी म्हणून गेले होते. नऊ वर्षं झाली, मैथिली."

"म्हणजे जाऊ नको?"

"मी काहीच म्हणत नाहीये. मेथी घे इकडं."

या घरात कुणीच काही म्हणत नाही. दोघं मिळून मेथी निवडली. उद्या संध्याकाळी ती जाणार.

१० नोव्हें., सोमवार

आज शेवटची तारीख. सरांच्या खोलीबाहेर दोनदा जाऊन आले. आत एफ.वाय.च्या मुली बसलेल्या. तिसऱ्यांदा गेलेच नाही.

कँटीनमध्ये केतकी टिश्यूवर डिसेंबरच्या चाली काढत होती. सगळ्यात लांब बाण माझा. "तू इथून घुसायचं, मैथू, आणि मागे न बघता मला द्यायचा. मी तिथं असणारच." मी म्हटलं हो. बरं वाटलं. झालं, सुटला प्रश्न.

घरी येऊन बाथरूममध्ये रडले. का, ते विचारू नये. (विचारणार कोण म्हणा.)

११ नोव्हें., मंगळवार

दुपारी टीमच्या ग्रुपवर रुचानं फोटो टाकला. लीगची कच्ची यादी, सगळ्या देशातल्या मुली. एक्केचाळीस नंबर: माझं नाव. कॉलेज, उंची, सगळं बरोबर.

मी फॉर्म भरलेला नाही. देवाशप्पथ भरलेला नाही.

ग्रुपवर अंगठा नाही, टाळ्या नाहीत. अर्ध्या तासानं केतकीचा एक शब्द. "अभिनंदन." पूर्णविराम देऊन. केतकी आयुष्यात कधी पूर्णविराम देत नाही. तीन फोन केले, उचलले नाहीत.

आणि एक गोष्ट, जी कुणालाच सांगता येणार नाही म्हणून इथं. यादीत नाव दिसलं तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं? आनंद झाला. एवढा की बसच्या थांब्यावर उभ्या उभ्या हसले. बाकी सगळं नंतर.

१२ नोव्हें., बुधवार

सरांना गाठलं. सर शांत. कपाट उघडलं, हिरवी फाईल काढली. तेव्हा उजेड पडला. सीझन सुरू होताना आम्ही सगळ्या दहा-दहा कोऱ्या एंट्री फॉर्मवर सह्या करून सरांना देतो, वर दहा फोटो. कारण स्पर्धेची एंट्री कायम शेवटच्या दिवशी जाते आणि तेव्हा एकही मुलगी जागेवर सापडत नाही. वर्षानुवर्षं असंच चाललंय. आम्ही सह्या करताना कोणाचा फोटो जास्त भयंकर आलाय यावर हसत असतो, बस. लीगनं नावं कॉलेजमार्फत, त्याच फॉर्मवर मागवली होती. सरांनी माझा एक फॉर्म काढला, भरला, पाठवला.

"सर, मला विचारायचं तरी!"

"सहा दिवस वाट बघितली. तू दारापर्यंत येऊन दोनदा परत गेलीस, मला काय दिसत नाही? अगं, दिलेलं नाव मागे घेता येतं. यादी वीस तारखेला पक्की होते, तोवर मुदत आहे. न दिलेलं नाव नंतर घालता येत नाही. मी दार उघडं ठेवलंय, ढकललं नाही तुला."

भांडायला गेले होते. भांडता आलं नाही. त्यांचं खरंच आहे, म्हणून तर जास्त संताप येतोय.

१३ नोव्हें., गुरुवार

प्रॅ.ला सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मी भरला नाही, सरांनी भरला, कोऱ्या सहीवर. वाटलं आता सगळ्या म्हणतील, अरेच्चा, असं होय.

रुचा बुटाची लेस बांधता बांधता म्हणाली, "कोरे फॉर्म आमचे पण आहेत सरांकडे. दहा-दहा. आमची नावं नाही आली कुठं ती."

सगळ्या उठून कोर्टावर गेल्या. केतकीसुद्धा. केतकीचे तर तीन वर्षांचे फॉर्म आहेत त्या फाईलमध्ये.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मूर्ख, मूर्ख, मूर्ख. मी स्वतः फॉर्म भरला असता तर एक वेळ माफ झालं असतं. सरांनी बाराजणींतून एक काढला, हे कसं माफ होणार?

१५ नोव्हें., शनिवार

टीमचा ग्रुप थंड पडलाय. दुसरा काढलेला दिसतो, कारण आज सगळ्या निळे टी-शर्ट घालून आल्या आणि मी पिवळा. कुणी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. पुण्यात राहून कुणी तुम्हाला टोमणासुद्धा मारत नाही म्हणजे तुम्ही संपलात.

पासिंग जोडीनं असतं. जोड्या लागल्या, मी भिंतीशी. भिंत चांगली आहे, कधी बॉल सोडत नाही.

आई या आठवड्यात येणार नाही, शाळेत तपासणी. फोनवर "जेवलीस का" विचारलं. जेवले म्हटलं. जेवले नव्हते.

१६ नोव्हें., रविवार

बाबांना सुट्टी. घरात दोघं, आणि बोलायची सवय मोडलेली. ते पेपर वाचत होते, मी समोर बसून राहिले. शेवटी मीच तोंड उघडलं. "बाबा, मी गेले तर तुम्ही एकटे पडाल."

पेपर खाली न करता: "मला कुकर लावता येतो."

"तसं नाही म्हणत मी."

पेपर खाली आला. "मैथिली, घरी आलो की तुझी खोली उघडून बघतो, झोपलीस का ते. तेवढंच बघणं होतं आपलं. तू नसलीस की ते राहील. वाईट वाटेल. पण त्यासाठी तू थांबलीस तर मला घशाखाली घास जायचा नाही."

मग म्हणाले चहा टाकतो. चहात साखर घालायला विसरले. मी तसाच प्यायले, तेही तसाच प्यायले.

१८ नोव्हें., मंगळवार

लीगच्या ऑफिसात फोन केला. नाव मागे घ्यायचं पत्र नको म्हणाले. कोच लोक परस्पर नावं देतात आणि परस्पर काढतात, असा अनुभव आलाय म्हणे. (वा!) त्यामुळे वीस तारखेला दुपारी साडेचार ते पाच ते स्वतः फोन करणार, एकदाच. खेळाडूनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. फोन उचलला नाही तर नाव कायम.

"मॅडम, आपल्याला मागे घ्यायचं आहे ना?"

मी म्हटलं, फोन करा.

म्हणजे काय उत्तर दिलं मी?

१९ नोव्हें., बुधवार

केतकीला कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाठलं. स्कूटीवर बसलेली, हेल्मेट घातलेलं, काच खाली. म्हटलं, उद्या मी नाव मागे घेतेय. आपण डिसेंबर खेळू.

तिनं आधी स्कूटी बंद केली. मग काच वर केली. डोळे लाल.

"कशाला? माझ्यासाठी?"

"आपल्यासाठी."

"मी उपकारावर खेळत नाही, मैथिली. हरले की मला वाटणार तू माझ्यामुळे राहिलीस, आणि जिंकले तर तुला वाटणार मी तुझ्यामुळे जिंकले. तू राहिलीस तरी मी तुला माफ करणार नाही, आणि गेलीस तरी नाही." मग हळू आवाजात, "सरांना विचारलंस का कधी, माझा फॉर्म का नाही भरला?"

नव्हतं विचारलं. आठ दिवस स्वतःचंच रडगाणं गात होते. तिच्या मनात हे एवढंच होतं, आणि मला पत्ता नाही.

ती गेली. मी बसनं घरी. मला ती हवी आहे. मला ती यादीही हवी आहे. दोन्ही लिहून ठेवते, उद्या खोटं बोलायला नको.

२० नोव्हें., गुरुवार. ४.३५

कोर्टाच्या पायऱ्यांवर. फोन मांडीवर, रेंज पूर्ण. ही वही घेऊन आले कारण दुसरं कुणी शेजारी नाही.

सकाळी सरांना विचारलं, केतकीचं नाव का नाही दिलं? सरांनी कपाट लावून घेतलं. मग म्हणाले, "तिनं कधी विचारलं तर तिला सांगेन. तुला नाही." बरोबर आहे.

बाबांची आजची चिठ्ठी कोरी. फक्त वर "मैथिली" लिहिलेलं आणि खाली काही नाही. लिहायला बसले असणार.

४.४४. खाली वॉर्म-अप. रुचाला ताप, एफ.वाय.ची एक परीक्षेला. मोजल्या, नऊ आहेत. पाच-पाच होत नाहीत.

खाली गेले तर फोन बॅगेत राहणार, प्रॅ.त फोन चालत नाही. म्हणजे नाव कायम, आणि यांच्याबरोबरची ही शेवटची प्रॅ. इथंच बसले आणि फोन उचलून नाव मागे घेतलं, तर टीममध्ये राहीन. पण टीम तिकडे नऊजणींची आणि मी इथं पायरीवर. काय थट्टा आहे.

४.५१. फोन नाही अजून.

सर शिट्टी वाजवत नाहीयेत. हातात धरून उभे आहेत, वर बघत नाहीत. सगळ्या इकडे बघतायत.

केतकी मधल्या रेषेवर आली, बॉल कमरेला लावून. आठ दिवसांनी ओरडली माझ्यावर.

"मैथू, येतेस, का पत्रिका छापू?"

४.५३. बूट घातलेत. वही मिटते. फोन हातातच आहे.