पॉलिशच्या शेडमागची खोली

३ मार्च
अखेर आमची स्वतःची खोली! डोंगरकडा गावाबाहेर, हळद पॉलिश करायच्या शेडच्या मागच्या भिंतीला लागून. पत्रे नवे, नळ दारातच. खिडकी एकच आहे, तीही शेडकडे उघडते. हे ड्रमवर आणि मी निवडायला. लांब हळकुंडं एकीकडे, गोल गड्डे दुसरीकडे. लोखंडी ड्रम फिरतो, हळदीची साल घासून निघते आणि सगळी शेड पिवळी होते. संध्याकाळी यांचं तोंड पाहून मला हसू आवरेना. लग्नातसुद्धा इतके पिवळे नव्हते! सासूबाई खूश आहेत. म्हणाल्या, प्रतिक्षा, लोकं सिमेंटात काम करून राहिले, आपल्या वाट्याला तं औषध आलं.

१९ मार्च
खोकला लागलाय. रविवारी शेड बंद होती तर गेला, सोमवारी दुपारी आगाऊ पाहुण्यासारखा परत हजर. तोंडाला ओढणी बांधली तर बाया हसल्या. हळदीनं कुठं तकलीफ होती व्हय, म्हणाल्या. रूपाबाई हसता हसता खोकत होत्या. त्यांचा इथला सातवा हंगाम.

७ एप्रिल
चार पावलं चालले की छातीत शिट्टी वाजते. आज जेवणाच्या सुट्टीत ड्रम थांबला तेव्हा नीट ऐकलं. शिट्टी माझी एकटीची नाही. आम्हा अकरा जणींच्या छातीतून येत होती. सगळ्या भाकरी खात राहिल्या. मला फार भीती वाटली.

१६ एप्रिल
कळमनुरीचे डॉक्टर म्हणाले, जेवणात हळद चांगली, पण फुप्फुसात गेली की ती धूळच. काम सोडा, तिथे राहूही नका. तोंडानं ओढायचा औषधाचा पंप दिला. सासूबाई म्हणाल्या, ह्याची सवय लागती माय. आणि कुठेतरी ठेवून दिला. हे म्हणतात हंगाम संपू दे, खोली कामामुळे मिळालीय.

२ मे
मी काम सोडलं, हे अजून ड्रमवर. खोलीतच असते. खिडकी लावली तरी ताटावर पिवळं, उशीवर पिवळं — पंप मागितला की सासूबाई हळदीचं दूध देतात. इतक्या मायेनं देतात की भांडताही येत नाही.

९ मे, दुपार
बोलता येत नाही. शब्दाला श्वास पुरत नाही, म्हणून लिहिते — हे जीप आणायला गेलेत —
सासूबाई रडतायत. घाबरू नको लेकरा, कफ आत्ता मोकळा व्हतो, म्हणतात. घमेल्यात निखारे आणले. वर मूठभर हळद टाकली —
धुरी —
हात हलवला. त्यांना वाटलं थंडी वाजतेय. गोधडी माझ्या डोक्यावरून, घमेल्यावरून —
ढकलली. मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. धुरी नको. त्यांना वाचता येत नाही. देवाचं नाव लिहिलंय समजून वही कपाळाला लावली — परत दिली —
दाराच्या फटीत फडकं कोंबतायत. धूर वाया जाऊ नये म्हणून —
गोधडी पुन्हा —
आई धुरी न