जोडीतला जिता तारा

४ नोव्हेंबर १९८८, भीमपूर
आज नव्या कामावर आली. यशवंतराव बंगलोरले ताऱ्यांचा अभ्यास कराचे, आता गावात येऊन राह्यले. नजर अधू झाली, म्हून कागदाच्या गुंडाळ्या वाचाले बाई पाह्यजे होती. मी वच्छला, विधवा, गावच्या शाळेत सातवी पास, वरतून तोंडाळ. राहणं-जेवणं इथंच. घरची मालकीण रेणुकाबाई इतकी वाळलेली, का पहिल्याच चहाले मी म्हणलं, बाई, वारा सुटला तं तुमाले खुंट्याले बांधा लागन. ती पोट धरून हसली. जमलं आमचं.

८ नोव्हेंबर
गुंडाळीवर शाईची रेघ असते. मधातच ती ताडासारखी उभी चढते आन उतरते. तिथं मी लाल खूण करतो, दोन ताडांमधला वेळ मोजतो. यशवंतरावांनी सांगतलं, ही ताऱ्यांची जोडी हाय. एक मेलेला, आकारानं शहराएवढा, वजनानं सूर्याहून भारी. दुसरा जिता. मेलेला जित्याच्या अंगातली वाफ ओढते, अंगावर साचवते. साचली का भडकन पेटते, घडीभरात इझते, तोच हा ताड. मंग पुन्हा ओढणं. तो उजेड एक्स-रेचा, हवेतून खाली येत नाही, म्हून जपान्यांनी दुर्बीण उपग्रहात बसवून वर धाडली.
मी म्हणलं, हे तं आमच्याकडच्या नवऱ्यांवानी झालं, मेले तरी खाणं सुटत नाही. ते हसले नाहीत. रेणुकाबाईचा डाळ निवडता हात थांबला.
जित्याचं शेवटी काय होते, इचारलं. हलका होत जाते, म्हणले.

१४ नोव्हेंबर
रेणुकाबाईनं आज माही ओटी भरली. विधवेची. हिरवं लुगडं, तांदूळ, नारळ. यशवंतरावांच्या बाजूले पाटावर बसवलं. शिकलेली माणसं, जुनं मानत नाहीत, मले वाटलं. अकरा वर्षांत कोनं कुंकवाचं बोट लावलं नव्हतं. मी म्हणलं, बाई, तुमी तं मले सवत करून राह्यल्या. ती रडाले लागली. मीबी रडली. बहिणीनं केलं नसतं एवढं तिनं केलं.

२१ नोव्हेंबर
रेणुकाबाई आता तीन भाकरी खाते. बांगड्या रुतून राह्यल्या. मी चिडवलं, कोनाच्या वाटचं खाऊन राह्यल्या वो? ती उठून बोचकं बांधाले लागली. मंचेरियलले बहिणीकडे गेली, आठ रोजासाठी म्हणे. जाताना माह्याकडे पाह्यलं नाही.
माही चोळी सैल झाली. जेवून तं राह्यली.

२४ नोव्हेंबर
यशवंतराव बर्फासारखे गार बसून असतेत. मधातच अंग तापते, तोंड उजळते, भिंत गरम लागते. मंग पुन्हा गार. तवाच माह्या अंगातून काही निघून जाते. त्यांनीच शिकवलं तसं घड्याळ लावून मोजलं. तीन तास वीस मिनिटं. पुन्हा तेवढेच. पुन्हा तेवढेच.
चहा देताना वाकून छातीशी कान नेला. आत आवाज नाही.

२७ नोव्हेंबर
अंगणातल्या कापसाच्या काट्यावर बसली. आली तवा गमतीनं बसली होती, चोपन किलो. आज एकेचाळीस.

२९ नोव्हेंबर
शेजारच्या ताराबाईले इचारलं, मालकीण कवा येते. ती म्हणली, कोनती मालकीण? रेणुका तं इंद्रवेल्लीकडची विधवा, चार वर्षांमागं कागदं वाचाले आली होती. तिची ओटी तिच्या आधीच्या बाईनं भरली. यशवंतरावांच्या बाजूलेच. काऊन वो वच्छला, विधवेची ओटी कोन भरते? नवरीची भरतेत.
रेणुका माह्यासोबत रडली होती. सारं माहीत असून —

१ डिसेंबर
बसमधी चढली. बस हालली तसं पोटातून कोनी दोर ओढला. उतरली. पाय आपोआप घराकडे.
तेतीस किलो.

५ डिसेंबर
माह्या भावाची बायको बयना. तीबी विधवा. माह्यावर जीव टाकते.
कार्ड लिवलं. काम सोपं हाय, माणसं चांगली हायेत, ये.
टाकलं बी.

९ डिसेंबर
बयना आली. अंगणातूनच वरडून राह्यली, वन्सं, कुठं लपल्या वो, काडी झाल्या का —
तिले सांगाचं हाय, पळ. तोंड उघडलं.
भूक लागली. किती दिवसांनी —
म्हणलं, ये बयना, इथं यशवंतरावांच्या बाजूले, पाटावर —