बाळ कुणावर जाणार?

३ मार्च
आज पुन्हा तेच! नवऱ्याचा दुसरा घास होतो न होतो तोच माझं ताट चाटूनपुसून रिकामं. लहानपणी आमच्याकडे एकच पातेलं आणि तोंडं भरपूर — जो गप्पांत रमला तो उपाशी. आता मागे कुणी लागलेलं नाही, तरी हात थांबत नाही. सासूबाई बघत होत्या. मान वर करवेना.

५ मार्च
कामावर, चष्म्याच्या दुकानात, एका गिऱ्हाईक बाईच्या कानामागे फ्रेम बसवायला गेले, तर ती मागे सरकली. "दुसरं कुणी नाही का? म्हणजे... आपल्यातलं?"
गल्ल्यावरच्या ताईंनी नंतर मायेनं पाठीवर हात फिरवला. "मनावर घेऊ नकोस गं. पोटातलं बाळ बापावर गेलं की सुटलीस! गोरंपान होईल."
राग यायला हवा होता. आला नाही — कारण मनातल्या मनात मीही तेच मागतेय.

९ मार्च
किल्ली शोधताना सासूबाईंना माझ्या पर्समध्ये कागदात गुंडाळलेला पाव सापडला. मेल्याहून मेल्यासारखं झालं!
त्यांनी पाव परत पर्समध्ये ठेवला. मला स्वयंपाकघरात नेलं, वरच्या फळीवरून डबा काढला. आत बिस्किटं, वाळलेल्या पावाचे तुकडे. "माझ्या लेकाला सांगू नकोस हं. म्हातारीला वेड लागलं म्हणेल!"
त्या अनाथाश्रमात वाढल्या. मला पत्ताच नव्हता! दोघी हसलो, मग रडलो, मग बिस्किटं संपवली.
मग म्हणाल्या, "मी एक चांगला कोट शिवला आणि माझी गरिबी कुणाला दिसेनाशी झाली. मी पडले गोरी. तुझं तसं नाही झालं, नाही का गं?"
आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. सगळं सांगून टाकलं. आई मला दगडानं घासायची — काळेपणा थोडा तरी उतरेल म्हणून. आणि बाळ माझ्यासारखं होऊ नये असं वाटतं, तेही सांगितलं.
त्यांनी समजूत घातली नाही. मागे बसल्या आणि माझे कुरळे, हट्टी केस विंचरत राहिल्या. कंगव्याचे दोन दात मोडले. "मोडू देत," म्हणाल्या.

१४ मार्च
पाय सुजलेत. सासूबाई चेपून देतात. लाज वाटते. आवडतंही!

२ एप्रिल
मुलगी! रंग माझा, नाक माझं, ओठ माझे. बघतच राहिले.
म्हणजे मी अशी दिसत होते? इतकी गोड? आणि मला कुणी सांगितलंच नाही!