ऊर्ध्वगामी गाळाचा सिद्धांत

४ मार्च, सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. नियमित. वाचणारं कुणी नाही, त्यामुळे खरं तेच लिहिणार.
तेल कंपनीची कोअरची खोकी आली. चौसष्ट. बायकोला पुन्हा एकदा समजावलं की कोअर म्हणजे दोन किलोमीटर खोलातून ड्रिलने उपसून काढलेला दगडाचा दांडा, आणि या चुनखडीच्या कुठल्या थरात तेल मुरलंय ते सांगणं माझं काम. ती म्हणाली, एवढ्या खोलवरचं कळतं, मग बाथरूमचा नळ कुठून गळतो ते का कळत नाही. दुर्लक्ष केलं.
१८ एप्रिलला कंपनीचे लोक येणार. आमचा करार आणखी तीन वर्षं चालवायचा की नाही, ते त्या दिवशी ठरणार. नाही चालवला तर लॅब बंद, जागा कॉम्प्युटरवाल्यांना आणि माझ्या विद्यार्थिनीची पीएचडी अर्ध्यावर. हे सांगताना विभागप्रमुखांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते नीट बसलं नव्हतं.
संकल्प: चहात साखर बंद. कुणावर ओरडायचं नाही. करार मिळवायचाच.

५ मार्च
विद्यार्थिनीने सगळ्या खोक्यांचे फोटो काढले, मोजणीसाठी बारीक नमुने कापून नेले. विचारलं नाही, सांगितलं नाही. उत्साह आहे पोरीत, दिशा मी देईन.
साखर अर्धा चमचा. एकदम तोडणं प्रकृतीला बरं नसतं.

७ मार्च, संध्याकाळी ६
कोअर ठेवायच्या शेडचं काम बघणारे काका रजेवर. खोकी एकट्याने टेबलांवर मांडली. मोठा घोळ सापडला.
खोक्यांवरच्या आकड्यांप्रमाणे मांडलं की भोकाभोकांचा, तेल धरणारा थर तळाशी येतो आणि घट्ट दगड वर. माझ्या प्रबंधात पान ११२ वर स्वच्छ लिहिलंय की असा थर नेहमी वरच असतो. दगड खोटं बोलत नाही. प्रबंधाला बावीस वर्षांत कुणी हात लावलेला नाही. राहिली लेबलं. कंपनीच्या कुणीतरी शिकाऊ माणसाने उलटी चिकटवली असणार.
नवी लेबलं छापून जुन्यांवर लावली. खोक्यांचा क्रम फिरवला आणि आतला एकेक तुकडाही उलटा केला. कंबर गेली. कंपनीला कळवणार नाही. एवढ्या मोठ्या कंपनीला तोंडघशी पाडणं माझ्या स्वभावात नाही.

११ मार्च
काका कामावर आले. टेबलांभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग म्हणाले, कोअरवर लांबीने दोन रेघा ओढलेल्या असतात, लाल आणि काळी. तुकडा सुलटा धरला की लाल उजवीकडे. ती सगळीकडे डावीकडे कशी गेली?
मी सांगितलं, लेबलं लावणारा आणि रेघा ओढणारा एकच, त्यामुळे चूकही दोन्हीकडे एकच. काका म्हणाले, बरं. काकांचं हे 'बरं' मला पहिल्यापासून आवडत नाही.

१९ मार्च, सकाळी ११.३०
इतिहास घडला.
दगडात शिंपले आहेत. कुठलंही पुस्तक सांगतं की शिंपल्यात शिरलेला चिखल तळाशी बसतो आणि वरच्या मोकळ्या जागेत मागाहून पांढरे स्फटिक भरतात. आमच्या कोअरमध्ये चिखल छताला चिकटलाय! एकात नाही, दोनशे सात शिंपल्यांत. स्वतः मोजले.
म्हणजे काही परिस्थितीत गाळ वर चढतो. नाव ठरलं: ऊर्ध्वगामी गाळाचा सिद्धांत. पाठ्यपुस्तकं बदलावी लागतील. लागू देत.
विद्यार्थिनी म्हणाली, सर, याला एखादं सोपं कारणही असू शकेल. मी म्हणालो, सोपी कारणं सोप्या माणसांसाठी असतात. ती वही उचलून बाहेर गेली. ओरडलो नाही. आवाज थोडा मोठा होता, इतकंच.
दिवस साजरा करायचा म्हणून दोन चमचे साखर.

२७ मार्च
जेवताना बायकोला सिद्धांत सांगितला. ती इस्पितळात एक्स-रे काढते. म्हणाली, आमच्याकडे हृदय उजवीकडे दिसलं की आम्ही नवा रोग शोधत नाही, आधी फिल्म उलटी लागली का ते बघतो.
शास्त्र आणि तंत्र यांतला फरक तिला पंधरा मिनिटं समजावला. तिने तेवढ्यात भांडी घासून टाकली.

५ एप्रिल
रिपोर्ट पूर्ण. ऐंशी पानं. ठाम शिफारस: पुढची विहीर वीस मीटर आधीच थांबवा, खाली काही नाही. कंपनीचा केवढा खर्च वाचेल! पुतळा नको, करार द्या म्हणावं.
विद्यार्थिनीने तिच्या मोजणीच्या परिशिष्टात जुन्या लेबलांचेच आकडे ठेवलेत. बदल म्हटलं. ती म्हणाली, सर, मी नमुने घेतले तेव्हा तेच आकडे होते, मी दुसरे कसे लिहू? आगाऊपणाच हा. तिचं नाव सिद्धांताच्या पेपरवर तिसरं होतं, काढून टाकलं. परिशिष्ट राहू दे, ते कोण वाचतं?
विभागप्रमुखांनी विचारलं, बाहेरच्या कुणाला दाखवून घेतलंत का? म्हणजे त्यांनी माझा सिद्धांत चोरायला? मी मूग गिळणारा माणूस नाही. तोंडावर सांगितलं की जळणाऱ्यांसाठी माझ्याकडे वेळ नाही. ते चहा घेऊन निघून गेले. माझा चहा होता तो.

१८ एप्रिल, दुपारी १
दणदणीत. कंपनीच्या मुख्य भूवैज्ञानिक बाई आणि दोन इंजिनियर. चाळीस स्लाइड. छताला चिकटलेला चिखल दाखवला तेव्हा तिघंही पुढे झुकले. एका इंजिनियरने तोंडावर हात धरला. भारावला असणार.
बाई शेवटी एवढंच म्हणाल्या की कोअर बघू या. मी म्हणालो, अवश्य. जेवण झालं की शेड.
करार खिशात.

१८ एप्रिल, संध्याकाळी ५.४०
बाई टेबलांवरून हळूहळू चालत गेल्या. एका खोक्यापाशी थांबल्या. माझ्या लेबलाचा कोपरा नखाने उचलून ते सावकाश सोलून काढलं. खालचं जुनं लेबल वाचलं. पुढचं खोकं. पुन्हा तेच. सात खोकी झाली. काका खिडकीबाहेर बघत होते.
मी समजावू लागलो की तुमच्या कुणा शिकाऊ माणसाकडून घोळ झाला होता, मी तो सांभाळून घेतला, गवगवा केला नाही. बाई म्हणाल्या, ही लेबलं मी लावली आहेत. विहीर खोदणाऱ्या रिगवर उभी राहून, दांडा बाहेर येईल तसा एकेक तुकडा माझ्या हाताने उचलून. रेघाही मीच ओढल्या.
मग म्हणाल्या, तुमचं ऐकून वीस मीटर आधी थांबलो असतो, तर तेलाच्या डोक्यावर उभं राहून रिकाम्या हाताने परत गेलो असतो.
मी म्हणालो, हा एक दृष्टिकोन झाला. हे मी का म्हणालो ते मला माहीत नाही.

२४ एप्रिल
पत्र आलं. करार चालू. तीन नाही, दोन वर्षं.
माझाच विजय, असं सकाळी नऊला वाटत होतं. साडेनऊला दुसरं पान वाचलं. करार 'परिशिष्टातील अचूक मोजणीच्या आधारे' दिलाय. कोअरचं सगळं वाचन यापुढे विद्यार्थिनी करेल. माझ्याकडे 'प्रशासकीय सहकार्य'.
ती केबिनमध्ये आली. बढाई मारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. ती म्हणाली, सर, खोकी सुलटी करायला मी आणि काका पुरे आहोत, तुमची कंबर दुखतेय. तयार ठेवलेलं उत्तर कुठेच बसेना. मी म्हणालो, मीही येतो. तीन दिवस लागतील. पेपरवर तिचं नाव परत घालावं म्हटलं, तर आता पेपरच नाही.

२८ एप्रिल, दुपारी १२
पहिल्या वर्षाचा तास. वेळापत्रकाप्रमाणे विषय: थरांची वरची बाजू कशी ओळखावी. फळ्यावर शिंपला काढला. खाली चिखल, वर स्फटिक. आकृती चांगली आली, माझा हात चांगला आहे.
मागच्या बाकावरच्या एकीने विचारलं, सर, चिखल कधी वर जाऊन बसतो का?
दाराशी काका डस्टर द्यायला उभे होते.
मी म्हणालो, नाही. कधीच नाही. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.